‘चालवायचो’ की ‘चालवायची सवय आहे’?



आजचा धडा इंग्रजीचा आहे. घाबरू नका. इंग्रजीची अक्षरे येत नसली तरी चालेल. इंग्रजी वाक्ये आपण आपल्याच बाळबोध अक्षरांत लिहू. ज्याला हे पान वाचता येते, त्याला ती वाक्येही वाचता येतील.

हा धडा का लिहिला, ते आधी सांगतो. तो माझ्या एका चुकीतून निघाला आहे.

श्रीरामपूरला आमचा रात्रीचा वर्ग भरतो. त्या वर्गाला एक ड्रायव्हर भाऊ येतात. त्यांनी दहा-बारा वर्षे उसाच्या आणि दुधाच्या गाड्या चालवल्या. रात्रीची गाडी असली की मालक त्यांनाच बोलावणार. अशात पुण्याकडे एका ठिकाणी ड्रायव्हरची जागा निघाली. पगार बरा होता. अर्ज मात्र इंग्रजीत होता. त्यात एक प्रश्न असा होता, की रात्री गाडी चालवण्याची तुम्हाला सवय आहे का?

भाऊ माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, ‘सवय’ला इंग्रजीत काय म्हणत्यात?"

मी घाईत होतो. एवढेच म्हणालो, "यूज्ड टू."

भाऊंनी घरी जाऊन अर्ज भरला. शेजारच्या मुलाची मदत घेतली. लिहिले ते असे :

आय यूज्ड टू ड्राइव्ह ॲट नाइट.

बरेच दिवस बोलावणे आले नाही. मग तिथे काम करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून कळले. अर्ज वाचणाऱ्याने अर्थ घेतला तो असा : "मी पूर्वी रात्री गाडी चालवायचो." म्हणजे आता चालवत नाही. डोळ्यांचा त्रास असेल, नाही तर अपघात झाला असेल, असे त्याला वाटले. अर्ज बाजूला पडला. जागा दुसऱ्याला गेली.

भाऊ माझ्यावर रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "मास्तर, म्या तर खरंच लिव्हलं व्हतं."

त्या रात्री मला जेवण गोड लागले नाही. माणूस खरा, काम खरे, आणि एका बारक्या शब्दावाचून वाक्य खोटे ठरले. तो बारका शब्द कोणता, ते आता पाहू.

आधी आपली मराठी पाहू

ही दोन वाक्ये मोठ्याने वाचा.

ती रात्री गाडी चालवायची.

तिला रात्री गाडी चालवायची सवय आहे.

दोन्ही वाक्यांत ‘चालवायची’ हा शब्द आहे. शब्द तोच, पण अर्थ एक नाही. पहिल्या वाक्यात गोष्ट मागची आहे. ती पूर्वी चालवत असे. दुसऱ्या वाक्यात गोष्ट आजची आहे. रात्र असली तरी तिला जड जात नाही, असा त्याचा अर्थ.

तुम्ही कधी या दोन वाक्यांत गोंधळलात का? नाही. कारण दुसऱ्या वाक्यात ‘तिला’ आहे आणि शेवटी ‘सवय आहे’ आहे. कान तेवढ्यावर अर्थ ओळखतो. हे तुम्हाला कोणी शिकवले नाही. आईच्या तोंडून ऐकत तुम्ही ते शिकलात. यालाच व्याकरण म्हणतात. शाळेत न गेलेल्या माणसालाही त्याच्या भाषेचे व्याकरण येत असते. त्याला फक्त त्याची नावे ठाऊक नसतात.

इंग्रजीतही असेच दोन अर्थ आहेत आणि शब्द एकच आहे, ‘यूज्ड टू’. भाऊंच्या वाक्यात ‘आहे’ हा शब्द राहून गेला होता. इंग्रजीत तो ‘ॲम’ असा येतो. तोच तो बारका शब्द.

जे होते आणि आता नाही

आता आपल्या गावाची गोष्ट घ्या. दौंड ते मनमाड ही रेल्वे 1878 साली सुरू झाली. बेलापूर हे गाव प्रवरेच्या काठी आहे. स्टेशन मात्र गावापासून दूर झाले. स्टेशनाभोवती हळूहळू वस्ती झाली. तिला लोक बेलापूर रोड म्हणायचे. पुढे प्रवरेवर भंडारदऱ्याचे धरण झाले. त्याचे काम 1910 साली सुरू झाले आणि 1926 साली पुरे झाले. त्या धरणाचे पाणी कालव्यांतून या भागात खेळले. ऊस आला, साखर कारखाने आले, बाजारपेठ वाढली. ती बेलापूर रोडची वस्ती म्हणजेच आपले श्रीरामपूर.

आता ‘म्हणायचे’ हा शब्द धरा. लोक बेलापूर रोड म्हणायचे. आता म्हणत नाहीत. हे इंग्रजीत असे सांगतात :

पीपल यूज्ड टू कॉल इट बेलापूर रोड.

‘पीपल’ म्हणजे लोक. ‘कॉल’ म्हणजे म्हणणे, हाक मारणे. मराठीत जिथे ‘-त असे’ किंवा ‘-यचा, -यची, -यचे’ येते आणि गोष्ट मागची असते, तिथे इंग्रजीत नुसते ‘यूज्ड टू’ येते. पुढचा शब्द साधा राहतो. कॉल, गो, ड्राइव्ह, ईट. त्याला शेपूट लागत नाही.

आय यूज्ड टू गो ऑन फूट. मी पायी जायचो. (आता सायकल आहे, किंवा एसटी आहे.)

वी यूज्ड टू ईट बाजरी. आम्ही बाजरी खायचो. (आता गहू आला.)

कंस मी मुद्दाम घातले आहेत. इंग्रज माणूस हे वाक्य ऐकतो तेव्हा कंसातले न सांगता मनात धरतो. आता तसे नाही, हे तो आपसूक समजतो. भाऊंचा अर्ज तिथेच अडला.

आणखी एक जागा सांभाळा. आपल्याकडची शिकलेली मंडळीही इथे चुकतात. ‘मी रोज शेतात जातो’ हे सांगताना ते म्हणतात, ‘आय यूज टू गो डेली.’ हे चूक आहे. आजच्या रोजच्या कामाला ‘यूज्ड टू’ लागत नाही. सरळ म्हणावे, ‘आय गो डेली.’

ज्याची सवय आहे

आता भाऊंना जे सांगायचे होते, त्याकडे येऊ. मराठीत आपण म्हणतो, ‘मला उन्हाची सवय आहे.’ इंग्रजीत ‘मला’चे ‘मी’ होते. ‘आहे’ लगेच त्याच्या मागे येते.

आय ॲम यूज्ड टू द हीट.

आय म्हणजे मी. ॲम म्हणजे आहे. हीट म्हणजे उष्मा. चैत्र-वैशाखात उसाला पाणी धरणारा माणूस हे वाक्य छाती पुढे काढून म्हणू शकतो.

‘ॲम’ फक्त ‘मी’बरोबर येतो. तो किंवा ती असेल तर ‘इज’ येतो. आम्ही, तुम्ही, ते असतील तर ‘आर’ येतो. ही इज यूज्ड टू द हीट. वी आर यूज्ड टू द हीट. यूज्ड टू जागचे हलत नाही.

ही झाली वस्तूची सवय. कामाची सवय असेल तर? मराठीत आपण ‘चालव’ या शब्दाला ‘-ण्याची’ जोडतो. चालवण्याची सवय, उठण्याची सवय, उभे राहण्याची सवय. इंग्रजी माणूस त्या जागी ‘इंग’ जोडतो. ड्राइव्हचे ड्रायव्हिंग होते. गेट अपचे गेटिंग अप होते. स्टँडचे स्टँडिंग होते.

आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ॲट नाइट.

हे भाऊंचे वाक्य. असे लिहायला हवे होते.

वर्गात एका ताईंनी विचारले, "मास्तर, ‘टू’च्या पुढं तर साधाच शब्द येतो ना? टू गो, टू ईट. मग इथं शेपूट का?" प्रश्न खरोखर चांगला होता. इथला ‘टू’ वेगळा आहे. तो आपल्या ‘-ची’सारखा वागतो. ‘उन्हाची’मध्ये ‘-ची’ जशी उन्हाला चिकटते, तसा हा ‘टू’ पुढच्या वस्तूच्या नावाला चिकटतो. काम असेल तर त्या कामाला आधी नाव करावे लागते. ‘चालव’ला ‘-ची’ लागत नाही. ‘चालवणे’ला लागते. ‘ड्राइव्ह’चे ‘ड्रायव्हिंग’ त्यासाठीच.

‘सवय’ हा आपला शब्द मात्र फसवा आहे. आपण ‘तंबाखूची सवय’ म्हणतो आणि ‘उन्हाची सवय’ही म्हणतो. तंबाखूची ती खोड आहे. उन्हाची ती खोड नाही, ते अंगवळणी पडणे आहे. खोडीला इंग्रजीत ‘हॅबिट’ असा निराळा शब्द आहे. भाऊंनी ‘हॅबिट’ घालून वाक्य केले असते, तर रात्री गाडी घेऊन हिंडण्याची यांना खोडच आहे, असे कोणी म्हटले असते!

सवय होते आहे

आता या धड्यातला मला सर्वांत आवडणारा भाग. सवय एका दिवसात होत नाही. नवी सून सासरी येते. पहिले काही दिवस तिला चूल सापडत नाही, माणसे कळत नाहीत. मग ती रुळते. हे ‘रुळणे’ इंग्रजीत ‘गेट’ या शब्दाने सांगतात.

शी इज गेटिंग यूज्ड टू द हाउस. ती घरात रुळते आहे.

शी गॉट यूज्ड टू द हाउस. ती घरात रुळली.

‘आहे’च्या जागी ‘होणे’ आले, एवढाच फरक. सवय आहे : ॲम यूज्ड टू. सवय होते आहे : ॲम गेटिंग यूज्ड टू. सवय झाली : गॉट यूज्ड टू.

एकदा सगळ्या देशाला असे रुळावे लागले होते. आमच्या वर्गातल्या सर्वांत वडील आजींनी ती गोष्ट सांगितली. 1957 साली त्या दहा-अकरा वर्षांच्या होत्या. त्या साली 1 एप्रिलला नवा पैसा आला. त्याआधी रुपयाचे सोळा आणे असत आणि आण्याचे चार पैसे. म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. आता रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. मग एका आण्याचे किती? सव्वासहा. पण सव्वासहाचे नाणे कुठून आणणार? म्हणून सरकारने तक्ता करून दिला.

आजी सांगू लागल्या, "आना म्हंजी सहा पैसे. दोन आने, बारा. अन् तीन आने म्हणलं का एकोणीस! आई मला धाडायची न् सांगायची, का तीन आन्याचं एकदम आनू नको. आना-आना करून तीनदा आन. अठरात व्हतं."

सगळा वर्ग हसला. पण हिशेब करून पाहा. आजींच्या आईचे बरोबर होते. तीन आण्यांचे खरे पावणेएकोणीस होतात. तक्त्यात त्याचे एकोणीस केले होते. एका आण्याचे सव्वासहा होतात, त्याचे सहा केले होते. वरचे पाव पैसे ज्याला सापडले त्याचे! चार आण्यांचे मात्र चोख पंचवीस होत. तिथे कोणाचे भांडण नव्हते.

लोकांना या पैशाची सवय व्हायला काही वर्षे गेली. 1964 साली सरकारने ‘नवा’ हा शब्द काढून टाकला. नुसता पैसा राहिला. याच काळात शेर जाऊन किलो आला. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे 933 ग्रॅम. किलो त्याहून थोडा मोठा. त्याचीही सवय झाली.

पीपल गॉट यूज्ड टू द न्यू पैसा.

आणि जुने काही गेले नाही. पंचवीस पैशांचे नाणे 2011 साली चलनातून गेले. तरी घरातली वडीलधारी माणसे अजून ‘चार आणे’, ‘बारा आणे’ म्हणतात. तोंडाची सवय पैशापेक्षा चिवट असते.

तुमच्या घरातला सातबारा काढा. तो सध्याचे उदाहरण आहे. आपण जमीन एकर-गुंठ्यांत बोलतो. चाळीस गुंठ्यांचा एकर. सातबाऱ्यावर मात्र हेक्टर आणि आर असतात. शंभर आरचा हेक्टर. एक आर म्हणजे जवळजवळ एक गुंठा, किंचित कमी. समजा तुमच्या सातबाऱ्यावर शून्य हेक्टर ऐंशी आर असे लिहिले आहे. म्हणजे दोन एकरांना गुंठाभर कमी. हे ज्याला वाचता येते, त्याला तलाठ्याच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. भावाभावांत वाटणी होताना तर हा गुंठाही मोजला जातो. एवढे कळले की तो शेतकरी म्हणू शकतो :

आय ॲम यूज्ड टू एकर. आय ॲम गेटिंग यूज्ड टू हेक्टर.

मला एकराची सवय आहे. हेक्टरची सवय होते आहे.

नवे आले की माणूस आधी ‘नाही’ म्हणतो. म्हणून नकारही शिकून ठेवा. त्यासाठी ‘ॲम’च्या पुढे ‘नॉट’ घालायचा. आपल्या जिल्ह्याचे नाव 2024 साली अहमदनगरचे अहिल्यानगर झाले. पाकिटावर पत्ता लिहिताना कित्येकांचा हात अजून अडखळतो. ते म्हणतील :

आय ॲम नॉट यूज्ड टू द न्यू नेम. मला नव्या नावाची सवय नाही.

त्याला ‘यट’ हा शब्द शेवटी जोडला तर वाक्य मऊ होते. ‘यट’ म्हणजे अजून. आय ॲम नॉट यूज्ड टू इट यट. मला अजून सवय नाही. होईल, असे त्यात न बोलता येते. नव्या कामावर गेल्यावर हे वाक्य फार उपयोगी पडते. ‘मला जमत नाही’ म्हटले की समोरचा तोंड फिरवतो. ‘अजून सवय नाही’ म्हटले तर तो चार दिवस थांबतो.

उच्चाराचे थोडे सांगतो. लिहिताना आपण ‘यूज्ड टू’ लिहिले. बोलणारे घाईत ‘यूस्टू’ म्हणतात, दोन्ही शब्द एकात एक. तसे ऐकू आले तर हा कोणता नवा शब्द, म्हणून थबकू नका. आणि ‘आय यूज्ड द पंप’ असे कोणी म्हणाले, तर तो तिसराच ‘यूज्ड’ आहे. तिथे त्याचा अर्थ ‘मी पंप वापरला’. पुढे ‘टू’ नाही, यावरून ओळखा.

वर्गात परत

मी हे सगळे फळ्यावर लिहिले, तेव्हा ड्रायव्हर भाऊ शेवटच्या रांगेत बसले होते. फळ्यावर एकाखाली एक दोन वाक्ये होती.

आय यूज्ड टू ड्राइव्ह ॲट नाइट.

आय ॲम यूज्ड टू ड्रायव्हिंग ॲट नाइट.

भाऊ उठून फळ्यापाशी आले. खडू घेतला. दुसऱ्या वाक्यातल्या ‘ॲम’भोवती त्यांनी गोल काढला. मग ‘ड्रायव्हिंग’च्या ‘इंग’खाली रेघ ओढली.

"एवढंच राह्यलं व्हतं व्हय?" ते म्हणाले.

"एवढंच," मी म्हणालो. दुसरे काय बोलणार?

त्यांनी खिशातून कागद काढला. नाशिककडच्या एका जागेचा दुसरा अर्ज होता. या वेळी तो त्यांनी माझ्यासमोर बसून भरला. मी तोंड उघडले नाही. त्यांनी वाक्य लिहिले, वाचले, मराठीत मनाशी म्हटले, पुन्हा वाचले. मग मला विचारले, "सवय आहे, हेच झालं ना?" मी मान हलवली.

आता तुम्ही करा

पुढची वाक्ये वहीत लिहा. प्रत्येक वाक्य आधी मराठीत मोठ्याने म्हणा. ‘-यचो, -यची, -त असे’ आले तर नुसते ‘यूज्ड टू’. ‘सवय आहे’ आले तर ‘ॲम, इज, आर’ आधी शोधा. ‘सवय होते आहे’ आले तर ‘गेटिंग’ घाला.

मी पहाटे उठायचो. (पहाटे उठणे : गेट अप अर्ली.)

मला पहाटे उठण्याची सवय आहे.

तिला शहराची सवय होते आहे. (शहर : द सिटी.)

आम्ही मोटेने पाणी काढायचो. (काढणे : ड्रॉ. पाणी : वॉटर. मोटेने : विथ अ मोट. मोटेला इंग्रज बोलताना काय म्हणेल, याची काळजी करू नका. तुम्हाला मोट म्हणायची सवय आहे, तेवढे पुरे.)

मग एक वाक्य तुमच्या मनाचे लिहा. पूर्वी करत होता आणि आता करत नाही, असे एक काम. त्याच्या खाली, अलीकडे आलेली आणि अजून अंगवळणी न पडलेली एक गोष्ट. पुढच्या वर्गाला येताना वही बरोबर आणा.